बाईंना विचारा : घोड्याच्या शेपटीचा दोरा

या महिन्यात टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून जी पत्रं आली, त्यातली निम्मी एकाच वस्तूबद्दल आहेत. चूक माझीच. मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की नाशकातल्या एका घरी चीनमधल्या शुई लोकांची, बाळाला पाठीशी बांधायची भरतकामाची झोळी पाहिली आणि तिच्यातला दोरा घोड्याच्या शेपटीचा होता. एवढंच. पस्तीस वर्षं शाळेत शिवण-भरतकाम शिकवलं, पण काजं-बटणांवर लिहिलं तेव्हा एक फोन आला नाही आणि शेपटीवर लिहिलं तर रात्री साडेनऊला फोन! तेव्हा फॉल-पिको, काखेतल्या चुण्या आणि ‘बाई, मशीनचा बॉबिन सारखा गुंततो’ हे सगळं पुढच्या अंकात. या वेळी फक्त शेपूट.

प्रश्न : बाई, तुम्ही लिहिलेली झोळी आमच्याच घरातली. मुलगा कामासाठी ग्वांगचौला असतो. तो ग्वेइचौ प्रांतात फिरायला गेला होता, तिथल्या बाजारातून त्याने नातीसाठी आणली. शेजारणी म्हणतात, हे मशीनचं काम आहे आणि वर पांढरी लेस चिकटवली आहे. एकीने तर सांगितलं की घोड्याचे केस बाळाच्या अंगाला लागू नयेत. खरं काय समजायचं? आणि ही धुवायची कशी? – एक आजी, गंगापूर रोड

उत्तर : ताई, तुम्ही चहा टाकायला आत गेलात तेव्हा मी पर्समधून भिंग काढलं होतं, हे आता कबूल करते. झोळीच्या खालच्या अंगाला, जिथे बाळाच्या टाचा घासतात, तिथे भरतकाम झिजलं आहे. त्या जागी पांढऱ्या दोऱ्यावरचं रेशीम उकललंय आणि आतून तीन केस बाहेर डोकावतात. नखाने दाबले तर वाकतात, नख काढलं की पुन्हा ताठ. लेस अशी झिजत नाही आणि मशीनच्या कामाची मागची बाजू अशी ओबडधोबड नसते. आणखी एक गोष्ट त्यावरून कळते. झोळी नवी नाही. तुमच्या नातीच्या आधी कुणाचं तरी मूल तिच्यात निजलं आहे, टाचा झाडल्या आहेत, कदाचित चालायलाही तिच्यातूनच उतरलं आहे.

आता तो दोरा. घोड्याच्या शेपटीचे तीन-चार केस एकत्र घ्यायचे आणि त्यांच्यावर पांढरं रेशीम इतकं घट्ट, इतकं लागून लागून गुंडाळायचं की आतला केस दिसता कामा नये. गिटारची जाड तार पाहिली आहे ना, आत एक तार आणि तिच्यावर दुसरी वळलेली? हुबेहूब तसं. असा दोरा तयार झाला की मग भरतकामाला सुरुवात. म्हणजे सुई हातात येण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. हा दोरा कापडातून आरपार ओढत नाहीत. तो कापडावर नक्षीच्या कडेने मांडायचा, वळवायचा आणि बारीक दोऱ्याने वरून आडवे टाके घालून जागच्या जागी बसवायचा. फुलपाखराच्या पंखाची कड, माशाचं पोट, गोल गोल फिरत आत जाणारी वेटोळी, सगळं या पांढऱ्या रेषेने आधी आखून घेतात. मग आतल्या मोकळ्या जागा भरायच्या. त्यासाठी सात रंगीत रेशमी धाग्यांची चपटी वेणी करतात आणि ती वेणी आत बसवतात. उरलेलं काम सपाट भरणीचं, साध्या टाक्यांचं. तुमच्या झोळीवर मधूनमधून पिवळट लाल गोल टिकल्या आहेत, त्या तांब्याच्या.

झोळीचा मुख्य भाग एकसंध नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. वीसेक लहान-मोठे तुकडे वेगवेगळे भरून मग एकत्र जोडलेले असतात. याचं कारण मला हातात घेतल्यावर कळलं. एवढा ताठ दोरा मोठ्या कापडावर भरायला बसलं तर कापड गोळा होईल. लहान तुकडा मांडीवर मावतो, चूलपाणी सांभाळून उचलता येतो आणि बिघडला तर तेवढाच बाद होतो. असं पूर्ण काम उरकायला साधारण वर्ष लागतं. शुई बायका हे शिकतात आईकडून किंवा सासूकडून.

शेपटीचेच केस का? करणाऱ्या बायका कारणं सांगतात ती व्यवहाराची आहेत. केस ताठ असतो म्हणून नक्षीचा आकार मोडत नाही. तो कुजत नाही. आणि केसाला जो अंगचा तेलकटपणा असतो त्याने वरच्या रेशमाची चमक टिकते. शिवाय त्या डोंगराळ मुलखात घोडा घरचा. त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला, त्याला ते ‘त्वान’ म्हणतात, डोंगराच्या चढावर घोड्यांच्या शर्यती लागतात.

शेजारणीच्या शंकेबद्दल. केस रेशमात पूर्ण गुंडाळलेला असतो आणि भरतकाम झोळीच्या बाहेरच्या अंगाला असतं. बाळाकडे अस्तर. शिवाशिवीचा मुद्दा असेल तर त्यांना विचारा, लग्नाच्या वरातीत नवरदेव कशावर बसतो?

ही झोळी तिकडे कोण देतं, ते तुम्हाला जास्त आवडेल. पहिलं मूल झालं की आईची आई देते. आपल्याकडे बाळंतविडा आजोळहून येतो, झबली, टोपडी, कुंची, दुपटी, चांदीचा वाळा, तसाच मान. नक्षीत फुलपाखरू हमखास असतं. त्याची गोष्ट अशी सांगतात, की उन्हात पडलेल्या एका बाळावर फुलपाखराने पंख पसरून सावली धरली. आपल्या गोष्टींत झोपलेल्या पोरावर नाग फणा धरतो आणि ते पोर पुढे राजा होतं. त्यांच्यात फुलपाखरू सावली धरतं आणि पोर नुसतं शांत झोपतं. मला ही दुसरी गोष्ट जास्त पटते. आजीला आणखी काय हवं असतं?

धुण्याचं : धुऊ नका. रिठा नको, बेबी शाम्पू नको, ड्रायक्लीनला तर मुळीच देऊ नका. रंग नैसर्गिक आहेत की बाजारी ते आपल्याला बघून कळत नाही, लाल फुटला की पांढऱ्या दोऱ्याचं वाटोळं. वर मच्छरदाणीचा तुकडा धरून मऊ ब्रशने धूळ काढा. घडी घालू नका, घडीवर आतला केस मोडतो आणि मोडलेलं टोक रेशीम फाडून वर येतं. जुन्या धुवट मलमलीत गुंडाळी करून ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, डांबरगोळी नको. तांब्याच्या टिकल्या काळवंडल्या म्हणून चिंच किंवा पितांबरी लावायचा मोह होईल. मी तांबट लेनमधल्या एका ओळखीच्या कारागिराला फोटो दाखवला, तो म्हणाला, “बाई, भांडं आहे का ते? राहू द्या तसंच.” राहू द्या तसंच.

आणि नात आली की तिला त्यात एकदा तरी बांधा. कपाटासाठी नाही केलेली ती.

प्रश्न : मी सिन्नरला ब्लाउजवर आरी वर्कच्या ऑर्डरी घेते. हे घोड्याच्या केसांचं काम म्हणजे आपल्या जरदोजीसारखंच आहे का? मला शिकायचं आहे. केस कुठे मिळतील? एका ब्लाउजला किती लावायचे? – एक भगिनी, सिन्नर

उत्तर : तुझी चूल या कामावर चालते, म्हणून तुला सविस्तर सांगते. आणि आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुझे चार दिवस वाचतील.

झोळी पाहून आल्यावर मला राहवेना. पंचवटीत एकांकडे वरातीची घोडी आहे. पांढरीशुभ्र, गळ्यात मोत्यांच्या माळा, बँडवाल्यांची लाडकी. मी जाऊन सरळ म्हटलं, “भाऊ, शेपटीचे थोडे केस द्या.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी घोडीचा पाय मागितला. म्हणाले, “मावशी, शेपूट कापली तर सीझनला कोण बोलवील हिला?” मग समजूत पटली, की कापायचे नाहीत, खरारा करताना जे सुटून येतात तेवढे जमवून द्यायचे. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक जुडी हातात आली. वीस-पंचवीस केस दोन-सव्वादोन फूट लांब, बाकी तुटके. पैसे घेतले नाहीत, घोडीला गूळ न्या म्हणाले.

पहिली चूक : तसेच वापरले. पावसाळी हवा, चार दिवसांत खोलीला तबेल्याचा वास. दुसरी चूक : चिडून गरम पाण्यात कपड्यांच्या पावडरने धुतले. वास गेला, तेलकटपणाही गेला आणि केस असे कोरडे झाले की वळताना कटकन तुटायला लागले. तिसऱ्या वेळी कोमट पाणी, आपल्याच केसांना लावतो तो साधा शाम्पू, दोन पाण्यांतून काढून सावलीत लटकवले. ते जमले.

मग दोरा. मेन रोडवरच्या एका दुकानात ‘प्युअर सिल्क’ म्हणून जी रिळं मिळाली ती निघाली नकली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण मलाच लाज वाटली की हात लावून ओळखता आलं नाही. केसावर गुंडाळताना तो दोरा नुसता घसरतो. एकीकडे दाबला की दुसरीकडे सुटतो आणि वर पिंजारतो. शेवटी येवल्याच्या एका विणकराकडून बाण्याच्या रेशमाचं उरलंसुरलं मागून आणलं. त्याला किंचित पकड असते, ते केसावर बसतं.

गुंडाळायची माझी पद्धत सांगते. शुई बायकांची हीच असेल असं नाही, माझ्या खिडकीत मला जमली ती ही. तीन केस घ्यायचे, टोकं मागे-पुढे ठेवायची, म्हणजे तिन्ही एकाच जागी संपत नाहीत. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसऱ्या टोकाला वजन लटकवायचं. मी सासूबाईंचा पितळी अडकित्ता लटकवते. डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत केस फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने रेशीम नुसतं सोडत जायचं. आपण रेशीम केसाभोवती फिरवायला जातो, तिथे चुकतो. केस फिरला पाहिजे. रेशमाचा प्रत्येक वळसा आधीच्या वळशाला टेकला पाहिजे. चढला की गाठ दिसते, सुटला की आतला केस दिसतो. एक केस संपत आला की बोटभर आधी दुसरा आत सरकवायचा. पहिल्या दिवशी एक वीत दोऱ्याला मला पाऊण तास लागला. आता वीस मिनिटांवर आले आहे आणि मला त्याचा फार गर्व झाला आहे.

काळ्या घोड्याचे केसही वापरून पाहिले. जरा कुठे फट राहिली की करडी रेघ दिसते. पांढऱ्या घोडीचे केस का हवेत याचं उत्तर मला तिथे मिळालं. मासे पकडायची नायलॉनची दोरी आत घालून पाहिली, तिच्यावरून रेशीम मोज्यासारखं घसरतं.

आता तुझा प्रश्न, जरदोजीसारखं आहे का. पद्धत चुलतबहिणीसारखी आहे. आपण कसब, म्हणजे जरीचा दोरा, मांडून वरून टाका घालतो, तसाच हाही दोरा मांडतात. पण जरदोजीतला डबका म्हणजे तारेची पोकळ स्प्रिंग. तू त्याचे तुकडे करतेस, मण्यासारखे सुईत ओवतेस. हा दोरा आतून भरीव, सलग. तुकडे करायचे नाहीत, एका दमात वळवायचा. आणि तुझी आरी इथे चालणार नाही. आरीचा आकडा दोरा कापडाखालून वर खेचून साखळी करतो, हा ताठ दोरा तसा वर येणारच नाही. साधी बारीक सुई लागेल, कापड फ्रेमवर ताणलेलं लागेल आणि वळणावर टाके जवळजवळ घालावे लागतील. सरळ रेषेत तांदळाएवढं अंतर चालतं, वेटोळ्यात मोहरीएवढं. वेटोळं बाहेरून आत घालत जा. आतून बाहेर गेलीस तर मधला बिंदू उठून येतो, माझा आला.

किती लावायचे? ब्लाउजला लावूच नकोस. काखेत घाम, वरून इस्त्री आणि गिऱ्हाइकाला मंगळवारी हवं असतं. आधी हातभर दोरा तयार कर आणि तळहाताएवढं एक फूल भर. किती तास लागले ते वहीत लिही. मग तू तासाचे जे पैसे धरतेस त्याने गुणून आकडा बघ. तो आकडा ज्या गिऱ्हाइकाला सांगायला तुझी जीभ अडखळणार नाही, तिच्यासाठीच कर. बटव्यावर शोभेल, फ्रेम करायच्या तुकड्यावर शोभेल.

आणखी एक. विकताना ‘शुई भरतकाम’ म्हणून विकू नकोस. तू शुई नाहीस, मीही नाही. ‘घोड्याच्या केसांच्या दोऱ्याचं काम, पद्धत शुई बायकांची’ असं चिठ्ठीवर लिहिलंस तर चार शब्द जास्त जातील, पण खरं होईल. पैठणीचं नाव लावून बाहेरच्या मशीनच्या साड्या विकल्या जातात तेव्हा येवल्याला कसं वाटतं ते आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला सांगायला नको.

प्रश्न : बाई, आमचं घर पैठणी विणणाऱ्यांचं. ही माणसं नेसतात काय? आपल्यासारखे काठ-पदर असतात का? – येवल्याची एक सून

उत्तर : काठ असतो, पदर नाही. शुई बाईचा रोजचा पोशाख म्हणजे बिनकॉलरचा, उजव्या बाजूला बंद होणारा अंगरखा, गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली, आणि खाली पायजमा. रंग निळा नाहीतर काळ्याकडे झुकणारा गर्द निळा. रोजच्या कपड्यावर नक्षी जवळजवळ नाही. सणाला आणि लग्नात मात्र खांद्यावर, बाह्यांच्या टोकाला आणि पायजम्याच्या गुडघ्याच्या बाजूला भरतकामाच्या पट्ट्या येतात. डोक्यावर चांदीचा मुकुट, गळ्यात चांदीची हसळी, छातीवर चांदीचं लटकन, पायात भरतकामाचे जोडे. सोनं नाही, चांदीच. आपल्या सराफ बाजारात या मंडळींना नेलं तर ती अर्ध्याच दुकानांत शिरतील.

बाह्यांना आणि जोड्यांना नक्षी का, याचीही लोककथा आहे. डोंगरात साप फार. एका हुशार मुलीने कपड्यांच्या कडांवर रंगीत दोऱ्यांनी नक्षी भरली आणि साप तिला बिचकून पळाले. म्हणून नक्षी तिथेच, जिथून साप कपड्यात शिरेल. काठ कशाला असतो, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

कापडाबद्दल तुला जास्त सांगावंसं वाटतं. ते घरी विणलेलं, निळीत रंगवलेलं. नीळ तुला माहीत आहेच : कापड पिंपातून काढताना हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. गर्द रंग एका बुडवणीत येत नाही. बुडवा, वाळवा, पुन्हा बुडवा. आणि या निळ्यावर पांढरी नक्षी उमटवायची त्यांची एक युक्ती आहे, ती सोयाबीनची. जाड कागदात नक्षी कापून जाळी करायची, ती कापडावर ठेवायची आणि सोयाबीनचं पीठ व चुना कालवून केलेली लुगदी वरून फासायची. कागद उचलला की नक्षीपुरती लुगदी कापडाला चिकटून राहते. वाळली की कापड निळीत. लुगदी जिथे आहे तिथे नीळ शिरत नाही. शेवटी ती खरवडून काढली की निळ्यावर पांढरी फुलं. आपल्याकडे निफाड-येवल्याकडे सोयाबीन म्हटलं की भाव, पाऊस आणि गोणी एवढंच आठवतं. कुणी त्याने कापड रंगवलं असेल असं वाटलं होतं का?

एक विसंगती मात्र मला मजेची वाटली. अंगावरच्या कपड्यात शुई लोक भडक लाल आणि पिवळा टाळतात. निळा, पांढरा, हिरवट, असे थंड रंग त्यांचे. पण बाळाची झोळी पाहा : लाल आहे, नारिंगी आहे, जांभळा आहे, तांबं चमकतंय. आईने स्वतः गर्द निळं ल्यायचं आणि पाठीवर असा बगीचा घेऊन बाजाराला जायचं. गर्द निळ्यावर ते सगळं किती उठून दिसत असेल, तूच डोळ्यांपुढे आण. आपली काळी चंद्रकळा आणि तिच्यावर संक्रांतीचे पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, तसंच काहीसं गणित.

प्रश्न : मी टी.वाय.ला आहे, प्रोजेक्ट आहे. शुई लोकांची थोडक्यात माहिती द्या, प्लीज. उद्यापर्यंत. – नाशिकरोड

उत्तर : मासिक महिन्यातून एकदा निघतं, बाळा. तरी घे. फेंगशुईतला ‘शुई’ तोच, अर्थ पाणी. चीनच्या नैर्ऋत्येला ग्वेइचौ प्रांत, तिथे सान्तू हा शुईंचा स्वायत्त जिल्हा, १९५७ साली झालेला. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ४ लाख ९० हजारांच्या वर. म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या निम्मीही नाही. बोली चिनीच्या कुळातली नाही, थाईशी नातं सांगणारी. त्यांची स्वतःची चित्रलिपी आहे, ‘शुईशू’. ती येते फक्त जाणत्या पुरोहितांना. लग्न, घरबांधणी, अंत्यविधी यांचे दिवस तिच्यातून काढतात, म्हणजे पंचांगच म्हण. ही लिपी आणि घोड्याच्या केसांचं भरतकाम, दोन्ही २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली. त्वान सण सगळीकडे एका दिवशी नसतो. गावांचे गट ठरलेले, पाळीपाळीने साजरा करतात, त्यामुळे पाहुणा आठवडेच्या आठवडे जेवत फिरू शकतो. सणाच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. माझी कोकणातली विहीणबाई हे ऐकून म्हणाली, “शहाणी माणसं आहेत.” प्रोजेक्टमध्ये हे शेवटचं वाक्य घालू नकोस.

प्रश्न : माझी लेक पुण्यात आहे, सातवा लागला आहे. बारशाला कुंची शिवणार आहे. तिच्यावर तुम्ही लिहिलेला टाका घालता येईल का? डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. लेक म्हणते, आई, आम्ही बेबी कॅरिअर ऑनलाइन मागवलाय, तू त्रास घेऊ नकोस. – पंचवटी

उत्तर : लेकीला म्हणावं, कॅरिअर तुझा, कुंची माझी. भांडण संपलं.

पूर्ण कुंची या टाक्याने भरायला घेतलीत तर नातवंडाच्या मुंजीला तयार होईल. एकच फुलपाखरू करा. कुठे, ते महत्त्वाचं : कपाळावर नको, तिथे बाळ घासतं आणि तोंडात ओढतं. मागे, जिथे टोपीचा भाग संपून पाठीवरची झालर सुरू होते, तिथे. खण गर्द निळा किंवा काळ्या रंगाचा घ्या, जुन्या चंद्रकळेचा तुकडा असेल तर सोन्याहून पिवळं. फुलपाखरू आधी वेगळ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर भरा, कडा आत दुमडा आणि मग कुंचीवर टाचा. कुंची धुवायची वेळ आली की टाचणटाके उसवून फुलपाखरू काढता येईल. दोऱ्याचं टोक कापडाच्या मागे न्या, रेशमाने चार वेढे बांधा आणि आतून मऊ सुती अस्तर लावा. केसाचं टोक एकही मोकळं राहता कामा नये, बाळाला टोचेल. बोट फिरवून बघा, मग आपल्या गालावर घासून बघा. टिकल्या लावू नका, बाळं सगळं गिळतात.

तळहाताएवढ्या फुलपाखराला साधारण चार वीत दोरा लागतो. तेवढे केस माझ्या जुडीत शिल्लक आहेत आणि मी दोरा वळून ठेवते. डोळ्यांचं काम माझं, टाके तुमचे. तुम्ही पंचवटीतल्याच. येताना वाटेत त्या घोडीला गूळ द्या. मार्गशीर्ष लागला की तिला सवड नसते, म्हणून त्याआधी या.